उतरताना फ्लॅपमध्ये होणारे बिघाड आणि कॉकपिटमधील चेकलिस्टची शिस्त : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅप म्हणजे नेमके काय, आणि उतरताना ते इतके महत्त्वाचे का असतात?

विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला असलेले जे पत्रे उतरण्यापूर्वी मागे सरकून खाली वाकतात, ते फ्लॅप होत. पुढच्या कडेला असतात ते स्लॅट. प्रवासी विमानाचा पंख मुळात वेगाने जाण्यासाठी घडवलेला असतो आणि कमी वेगात तो विमानाला पुरेसे उचलून धरू शकत नाही. फ्लॅप आणि स्लॅट बाहेर आले की पंखाचा बाक आणि बहुधा क्षेत्रफळही वाढते, त्यामुळे तेच वजन कमी वेगात हवेत तोलून धरता येते. शिवाय हवेचा रोध वाढल्याने विमान वेग न वाढवता खाली येऊ शकते. बोइंग 737-800 सारखे विमान पूर्ण फ्लॅपवर साधारण 140 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 260 किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते. फ्लॅप नसतील तर हा आकडा बराच वर जातो, आणि पुढचे सगळे प्रश्न तिथूनच उभे राहतात.

वैमानिकाने लिव्हर हलवला की फ्लॅप बाहेर यायलाच हवेत. मग बिघाड होतो कुठे?

फ्लॅपचा लिव्हर हलवणे ही केवळ मागणी आहे. ती पूर्ण झाली की नाही हे समोरचा दर्शकच (फ्लॅपची स्थिती दाखवणारे उपकरण) सांगतो. लिव्हर आणि फ्लॅप यांच्यामध्ये संगणक किंवा झडपा, हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारी) मोटर, पंखाच्या लांबीभर फिरणारे दांडे आणि फ्लॅपला ढकलणारे स्क्रू अशी मोठी साखळी असते. या साखळीत दाब कमी झाला, एखादा संवेदक चुकीचा संकेत देऊ लागला, एखादा दांडा अडला किंवा बर्फ साचला, तर फ्लॅप अर्ध्यावर थांबतात, हळू चालतात किंवा मुळीच हलत नाहीत.

प्रत्येक टप्प्याला वेगाची कमाल मर्यादाही असते. एअरबस ए320 मध्ये 0, 1, 2, 3 आणि फुल असे टप्पे असून फुल फ्लॅपसाठीची मर्यादा 177 नॉट आहे. बोइंग 737-800 मध्ये 40 अंशांच्या फ्लॅपसाठी ती 162 नॉट आहे. म्हणून लिव्हरला हात लावण्यापूर्वी वेगदर्शकाकडे पाहणे, वेग मर्यादेत असल्याचे मोठ्याने सांगणे, मग लिव्हर हलवणे आणि शेवटी दर्शकावर नवा आकडा दिसेपर्यंत नजर तिथेच ठेवणे, अशी चार पायऱ्यांची कृती वैमानिकांना शिकवली जाते. या चारांपैकी शेवटची पायरी सर्वांत सहज गळते, असे अपघातांचे अहवाल वाचताना वारंवार जाणवते.

एका पंखाचे फ्लॅप बाहेर आले आणि दुसऱ्याचे आले नाहीत तर विमान उलटेल का?

तसे होऊ नये म्हणूनच दोन्ही बाजूंच्या स्थितीची सतत तुलना करणारे संवेदक बसवलेले असतात. ठरावीक मर्यादेपलीकडे फरक आढळला की यंत्रणा फ्लॅपची हालचाल आपोआप थांबवते. ए320 मध्ये पंखांच्या टोकाकडील ब्रेक फ्लॅप जागच्या जागी जखडून टाकतात आणि हवेत असताना ते पुन्हा सोडवता येत नाहीत. ही अडचण नसून संरक्षण आहे, कारण थोडा फरक एलेरॉनच्या, म्हणजे विमानाला डाव्या-उजव्या बाजूला कलवणाऱ्या पत्र्यांच्या, साहाय्याने सावरता येतो, मोठा फरक सावरता येईलच असे नाही.

येथे शिस्तीचा एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. बोइंग 737 मध्ये हायड्रॉलिक दाब नसेल तर विजेच्या मोटरने फ्लॅप बाहेर काढण्याची पर्यायी सोय आहे, मात्र त्या मार्गाने फ्लॅप हलवताना असमानतेपासूनचे स्वयंचलित संरक्षण उपलब्ध नसते. त्यामुळे फ्लॅप दाब गेल्यामुळे थांबले आहेत की असमान झाल्यामुळे, हे न ओळखता कोणी पर्यायी स्विचकडे हात नेला, तर तो यंत्रणेने टाळलेला धोका स्वतःच्या हाताने परत आणतो. चेकलिस्टमध्ये याच ठिकाणी फाटा असतो आणि तो पाठांतराच्या भरवशावर घ्यायचा नसतो.

फ्लॅपशिवाय विमान सुरक्षित उतरू शकते का?

उतरू शकते, आणि वैमानिक सिम्युलेटरमध्ये अशा लँडिंगचा सरावही करतात. फरक पडतो तो वेगात आणि अंतरात. 737 मध्ये मागचे फ्लॅप अजिबात बाहेर आले नाहीत तर नेहमीच्या पूर्ण फ्लॅपच्या वेगात सुमारे 40 नॉट मिळवावे लागतात. 140 च्या जागी 180 नॉट हा फरक ऐकायला फार मोठा वाटत नाही, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ब्रेकना सुमारे 65 टक्के अधिक ऊर्जा शोषून घ्यावी लागते. टायरनाही वेगमर्यादा असते. विमानाचे नाकही नेहमीपेक्षा वर राहत असल्याने टेकताना शेपूट घासण्याची शक्यता वाढते. यांतले काहीही असाध्य नाही, पण प्रत्येक गोष्टीची आकडेमोड आधी झालेली असावी लागते, आणि त्यासाठी वेळ काढावा लागतो.

बिघाड लक्षात आल्यावर वैमानिकांनी सर्वप्रथम काय करणे अपेक्षित असते?

विमान उडवत राहणे. एकाने फक्त उडवायचे, दुसऱ्याने बिघाडाकडे पाहायचे, आणि विमान जमिनीजवळ असेल तर आधी गो-अराउंड करून, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाऊन, सुरक्षित उंची गाठायची, मगच चेकलिस्ट उघडायची. हा क्रम मोडल्यावर काय होते याचे अत्यंत बोधक उदाहरण अमेरिकेत टेक्सासमधील लबक येथे 27 जानेवारी 2009 च्या पहाटे घडले. एम्पायर एअरलाइन्सचे एटीआर 42 जातीचे मालवाहू विमान गोठणाऱ्या रिमझिमीतून धावपट्टीकडे येत होते आणि सहवैमानिक ते उडवत होती. फ्लॅपसाठी लिव्हर हलवला, पण दोन्ही पंखांवरचे फ्लॅप सारखे बाहेर आले नाहीत. कॅप्टनने या प्रसंगासाठीची चेकलिस्ट न काढता स्वतःच दोष शोधायला सुरुवात केली. त्या काळात वेग घटत गेला, आणि स्टॉल, म्हणजे पंखाने विमान उचलून धरणे सोडण्याची स्थिती, जवळ आल्याची सूचना देण्यासाठी नियंत्रणदांडा थरथरू लागला. सहवैमानिकाने गो-अराउंड करू का, असे विचारले. कॅप्टनने नकार दिला. विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळले आणि पेटले. दोघेही वाचले, हे त्यांचे नशीब.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे कारण म्हणून फ्लॅपच्या बिघाडाकडे बोट दाखवले नाही. बर्फाळ हवेत किमान सुरक्षित वेग राखला गेला नाही, हे मुख्य कारण ठरले, आणि फ्लॅपच्या बिघाडाला ठरलेल्या पद्धतीने प्रतिसाद न देणे व अस्थिर झालेले अवतरण तसेच पुढे रेटणे ही त्यास हातभार लावणारी कारणे ठरली. फ्लॅप असमान असतानाही ते विमान उडण्याजोगे होते. मला या अहवालातील सर्वांत महत्त्वाची ओळ सहवैमानिकाच्या प्रश्नाची वाटते, कारण योग्य उत्तर कॉकपिटमध्ये मोठ्याने उच्चारले गेले होते, पण ते आदेशाच्या नव्हे तर विचारणेच्या स्वरूपात आले. म्हणूनच अनेक कंपन्यांचा नियम असा आहे की, दोघांपैकी कोणीही ‘गो-अराउंड’ म्हटले की चर्चा न करता वर जायचे.

वैमानिकांना सगळे पाठ असते. मग चेकलिस्ट वाचण्याचा आग्रह कशासाठी?

चेकलिस्ट दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. नेहमीच्या उड्डाणात कृती आधी सवयीच्या क्रमाने केली जाते आणि मग चेकलिस्ट वाचून ती झाली आहे का हे पाहिले जाते. एकाने प्रश्न वाचायचा आणि दुसऱ्याने उपकरणाकडे पाहून उत्तर द्यायचे. बिघाडाच्या वेळची चेकलिस्ट मात्र वाचत वाचत, एकेक पायरी पूर्ण करत पुढे न्यायची असते, कारण ती रोजच्या सवयीची नसते.

असफ देगानी आणि अर्ल विनर या संशोधकांनी नासासाठी 1990 मध्ये कॉकपिटमधील चेकलिस्टचा जो अभ्यास केला, तो आजही वाचावा असा आहे. हजारो वेळा बरोबर आढळलेली गोष्ट माणसाला डोळ्यांसमोर चुकीची असूनही बरोबरच दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. अनुभवी वैमानिकाला हा धोका नवख्यापेक्षा अधिक असतो, कारण त्याच्या गाठी ‘सगळे ठीक होते’ अशा आठवणी अधिक असतात.

चेकलिस्ट पूर्ण म्हटली गेली तरीही अपघात होऊ शकतो का?

होय. 15 जानेवारी 2023 रोजी नेपाळमधील पोखरा येथे ते घडले. काठमांडूहून निघालेले यती एअरलाइन्सचे एटीआर 72 विमान, जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या नव्या विमानतळावर उतरत होते. विमान उडवणाऱ्या कॅप्टनला त्या विमानतळाचा सराव दिला जात होता, आणि शेजारी बसलेली व्यक्ती प्रशिक्षक कॅप्टन होती. उतरण्याचा मार्ग छोट्या, आवळलेल्या वळणांचा होता, त्यामुळे थोड्या वेळात बरीच कामे उरकायची होती.

ब्लॅक बॉक्सच्या नोंदींनुसार 10 वाजून 56 मिनिटे 32 सेकंदांनी उडवणाऱ्या वैमानिकाने 30 अंशांच्या फ्लॅपची मागणी केली. ‘फ्लॅप 30’ असे उत्तर आले. फ्लॅप मात्र हलले नाहीत. त्याच क्षणी दोन्ही पंख्यांचे (प्रोपेलरचे) फेरे झपाट्याने घसरले आणि इंजिनांकडून मिळणारा टॉर्क (पंखा फिरवणारा जोर) शून्यावर आला. फ्लॅपच्या लिव्हरऐवजी त्याच्या शेजारचे दोन्ही कंडिशन लिव्हर, म्हणजे पंख्यांच्या पात्यांची स्थिती ठरवणारे लिव्हर, मागे ओढले गेले होते, आणि पंख्यांची पाती वाऱ्याला समांतर झाल्यामुळे, म्हणजे ‘फेदर’ झाल्यामुळे, इंजिने चालू असूनही विमानाला पुढे ढकलणारे बळच उरले नव्हते. 4 सेकंदांनी सावधानतेची घंटी एकदा वाजली. त्यानंतर उतरण्यापूर्वीची चेकलिस्ट म्हटली गेली. 56 मिनिटे 54 सेकंदांनी, पहिल्या मागणीनंतर 22 सेकंदांनी, फ्लॅप प्रत्यक्षात 30 अंशांकडे सरकले. त्यामुळे रोध वाढला आणि बळ तर आधीच गेलेले होते. 57 मिनिटे 7 सेकंदांनी नियंत्रण कक्षाने उतरण्याची परवानगी दिली, तेव्हा इंजिनांतून शक्ती येत नसल्याचे वैमानिकाने दोनदा सांगितले. 24 व्या सेकंदाला स्टॉलचा इशारा सुरू झाला. विमानातील सर्व 72 जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत 5 भारतीय होते.

हात चुकीच्या लिव्हरवर पडणे ही मानवी चूक आहे आणि ती कुणाकडूनही होऊ शकते. या अपघाताचा जीव मधल्या 22 सेकंदांत आहे. उत्तर ‘फ्लॅप 30’ असे दिले गेले, पण ते हाताच्या हालचालीवरून आले, दर्शकावरून नाही. चेकलिस्ट म्हटली गेली, पण पंख्यांच्या फेऱ्यांचा आणि टॉर्कचा आकडा समोर शून्याकडे जात असताना तो कुणी पाहिला नाही. आकडा पाहिला गेला असता तर उपाय लहान होता, लिव्हर पुन्हा पुढे ढकलण्याचा. अंतिम अहवालानेही दोन्ही कंडिशन लिव्हर अनवधानाने फेदर स्थितीत नेले जाणे हेच सर्वाधिक संभाव्य कारण मानले आणि कामाचा ताण व ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन न होणे यांचा त्यात वाटा असल्याचे नोंदवले.

मृत वैमानिकांना दोष देऊन हा विषय संपवणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रशिक्षण, नवा विमानतळ, घाईचा मार्ग आणि एकमेकांशेजारी बसवलेले लिव्हर या सगळ्यांनी मिळून त्या हाताला तिथे नेले.

आधुनिक विमाने स्वतःच इशारा देतात. तरीही माणसाच्या शिस्तीवर एवढा भर का?

जमिनीजवळ आलेल्या विमानाचे फ्लॅप उतरण्याच्या स्थितीत नसतील तर ‘टू लो, फ्लॅप्स’ असा आवाज देणारी यंत्रणा असते. परंतु फ्लॅप खरोखर अडकले असताना हाच आवाज लक्ष विचलित करतो, म्हणून चेकलिस्टच्या एका पायरीवर तो जाणूनबुजून बंद केला जातो. म्हणजे बिघाडाच्या दिवशी हा राखणदार नसतोच.

आणि कधी कधी तो असायला हवा तेव्हाही नसतो. पुढचे दोन अपघात उड्डाणाच्या वेळचे आहेत, पण फ्लॅपचा धडा त्यांनीच सर्वाधिक किंमत घेऊन शिकवला. डेट्रॉइट येथे 16 ऑगस्ट 1987 रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे एमडी-82 फ्लॅप न काढताच उडाले. टॅक्सी करतानाची, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेतानाची, चेकलिस्ट झालेली नव्हती आणि इशारा यंत्रणेला वीजपुरवठा नव्हता. जमिनीवरील दोघांसह 156 जण दगावले, विमानातील फक्त एक चार वर्षांची मुलगी वाचली. 20 ऑगस्ट 2008 रोजी माद्रिदमध्ये स्पॅनएअरच्या त्याच जातीच्या विमानाने तसेच उड्डाण केले आणि 154 जण गेले. तिथेही इशारा वाजला नाही. शेवटच्या तपासणीत सहवैमानिकाने फ्लॅपचा अपेक्षित आकडा उच्चारला होता, पण दर्शकावर तो नव्हता.

चेकलिस्टबाहेर जाणे कधी योग्य ठरते का?

क्वचित, आणि तेही वेळच उरली नसेल तेव्हा. 17 जानेवारी 2008 रोजी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग 777 लंडनच्या हीथ्रोवर उतरत असताना, सुमारे 720 फुटांवर, इंधनातील बर्फामुळे दोन्ही इंजिनांची शक्ती वाढेना. कॅप्टन पीटर बर्किल यांनी फ्लॅप 30 वरून 25 वर आणले. रोध थोडा कमी झाला, विमान आणखी काही अंतर तरंगले आणि वाटेतील मार्गदर्शक अँटेना ओलांडून धावपट्टीच्या अलीकडे गवतावर टेकले. विमानातील सर्व 152 जण वाचले. फ्लॅप कमी करण्याच्या या निर्णयाचा फायदा झाल्याचे ब्रिटिश तपास यंत्रणेने नोंदवले.

एक वर्षाने न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेल्या ए320 मध्ये सहवैमानिकाने दोन्ही इंजिने बंद पडल्यानंतरची चेकलिस्ट वाचायला घेतली होती, पण ती मोठ्या उंचीवरील प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली होती. विमान तर जेमतेम 3,000 फुटांखाली होते, म्हणून ती पूर्ण होणे शक्यच नव्हते. दोन्ही घटनांत हातात मिनिटभर ते साडेतीन मिनिटे होती. अडकलेल्या फ्लॅपच्या बाबतीत बहुधा अर्धा-पाऊण तासाचे इंधन असते. हीथ्रो किंवा हडसनचा दाखला देऊन त्या वेळी चेकलिस्ट वगळण्याचे समर्थन करणे चुकीचे आहे.

अहमदाबादच्या अपघातात फ्लॅपची चूक होती का?

12 जून 2025 रोजी एअर इंडियाचे बोइंग 787 कोसळल्यानंतर काही तासांतच, धूसर चित्रफितींच्या आधारे, फ्लॅप काढले नव्हते अशी चर्चा सुरू झाली. पुढच्या महिन्यातील प्राथमिक अहवालाने फ्लॅपचा लिव्हर उड्डाणासाठीच्या 5 अंशांच्या स्थितीत पक्का आढळल्याचे नोंदवले. कुटुंबे शोकात असताना अशी अनुमाने ठामपणे पसरवणे टाळायला हवे होते.

फ्लॅप अडकल्यावर विमान घिरट्या का घालते, आणि कधी दुसऱ्याच शहरात का नेले जाते?

घिरट्या चेकलिस्ट आणि आकडेमोडीसाठी असतात. दुसरे शहर धावपट्टीच्या लांबीसाठी निवडले जाते. पुण्याची धावपट्टी सुमारे 2,500 मीटर आहे, तर मुंबईची मुख्य धावपट्टी 3,400 मीटरांहून लांब. पावसाळ्यातील ओल्या पृष्ठभागावर, फ्लॅपशिवाय, हा फरक निर्णायक ठरू शकतो.

मात्र फ्लॅप बाहेर अडकलेले असतील तर दूर जाण्याला मर्यादा पडतात. वेग कमी ठेवावा लागतो, साधारण 20,000 फुटांच्या वर जाता येत नाही आणि वाढलेल्या रोधामुळे त्याच अंतराला कितीतरी अधिक इंधन लागते. विमानाच्या संगणकाने दाखवलेला इंधनाचा अंदाज बहुधा फ्लॅप आत असलेला पंख गृहीत धरून केलेला असतो, हे विसरले तर गणित फसते. घिरट्यांनाही शेवट हवा. 28 डिसेंबर 1978 रोजी पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-8 लँडिंग गिअरच्या (चाकांच्या यंत्रणेच्या) समस्येवर तासभर विचार करत फिरत राहिले आणि इंधन संपून कोसळले. त्यात 10 जण गेले. कॉकपिटमधील परस्पर संवादाचे जे प्रशिक्षण आज सर्वत्र सक्तीचे आहे, त्याची सुरुवात या अपघाताच्या तपासातून झाली.

खिडकीतून पंखावर काही विचित्र दिसले तर प्रवाशाने सांगावे का?

जरूर सांगावे, आणि केबिन कर्मचाऱ्यांना लगेच सांगावे. उतरताना कॉकपिटशी अनावश्यक संपर्क टाळण्याचा नियम सुरक्षेशी संबंधित माहितीला लागू होत नाही.

फ्लॅपविना उतरल्यावर विमान धावपट्टीवरच का थांबवतात आणि भोवती अग्निशमन गाड्या का येतात?

अधिक वेगातून थांबताना ब्रेक अतिशय तापतात, आणि त्यांचे तापमान विमान थांबल्यानंतरही काही मिनिटे वाढतच राहते. टायर फुटू नयेत म्हणून चाकांमध्ये ठरावीक तापमानाला वितळणारे प्लग असतात. ते वितळले की हवा हळूहळू निघून जाते आणि विमान जागचे हलवता येत नाही. अग्निशमन दल चाकांचे तापमान तपासून धोका नसल्याचे सांगते, तोपर्यंत प्रवाशांना पट्टा बांधून बसून राहावे लागते, आणि नंतर पुष्कळदा शिडी लावून बसने टर्मिनलकडे नेले जाते.